आघात शब्दाचा नाही, गटाचा

जूनपासून तू आठवीच्या मुलांना फ्रेंच शिकवणार, असं ताईने सांगितलं. क्रियापदांची रूपं, काळ, सर्वनामं यातलं मी तुला काही सांगायला नको, ते तुझं पक्कं आहे. मला सांगायचंय ते वेगळं. फ्रेंच शब्दाची अक्षरं कशी पाडायची आणि जोर कुठे द्यायचा, एवढंच. हा धडा पुस्तकात मागे कुठेतरी असतो, लेखी परीक्षेत त्याला गुण नसतात, म्हणून आपल्याकडे तो फारसा कोणी मनावर घेत नाही. मग नव्वद गुण मिळवलेली मुलगी तोंड उघडते आणि समोरचा फ्रेंच माणूस ‘पार्दोँ?’ म्हणून पुन्हा विचारतो. तिचं व्याकरण बरोबर असतं, शब्दही बरोबर असतात, पण अक्षरं भलत्या जागी तुटलेली असतात. म्हणून हे पहिल्या आठवड्यातच घे. नाकातले स्वर, मुका ‘ई’, स्पेलिंगमधल्या खुणा, ऐकलेलं न कळणं, या सगळ्यांची गाठ या एका ठिकाणी आहे आणि इथूनच ती सुटते.

सिलेबलला मी अक्षर म्हणतेय, म्हणजे एका झटक्यात तोंडातून निघणारा, एकाच स्वराचा तुकडा. कागदावरच्या ए-बी-सी-डीला वर्ण म्हणेन, म्हणजे घोटाळा नको. ‘ज’ दिसेल तिथे जहाजातला ज म्हण, चंद्रबिंदू दिसेल तिथे आवाज नाकातून काढ, ‘ऽ’ दिसेल तिथे स्वर लांबव.

मुख्य नियम एका ओळीचा आहे: दोन स्वरांच्या मध्ये एक व्यंजन आलं तर ते पुढच्या स्वराला द्यायचं. का-पी-ताल. शो-को-ला. आ-नी-माल. फ्रेंच माणसाला अक्षर उघडं ठेवायला आवडतं, म्हणजे ते स्वरावर संपवायला. इंग्रजीचं उलट आहे. ‘कॅपिटल’ म्हणताना इंग्रज पहिल्या तुकड्याला ‘प’ने बूच मारतो: कॅप-इ-टल. आपली मुलं बालवाडीपासून इंग्रजी ऐकत वाढलेली, त्यामुळे रोमन लिपी दिसली की त्यांचं तोंड इंग्रजी वळण घेतं. खरं तर मराठी तोंडाला फ्रेंच वळण सोपं आहे. आपली बाराखडीच व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर अशी बांधलेली आहे. का, की, कू म्हणत आपण उघडी अक्षरंच घोकलेली असतात. तेव्हा मुलांना पहिला महिनाभर प्रत्येक नवा शब्द वहीत देवनागरीतही लिहू दे, मध्ये छोट्या रेघा देऊन. काही शिक्षकांना देवनागरीचा विटाळ वाटतो, म्हणे उच्चार बिघडतात. मला तसं मुळीच वाटत नाही. रोमन लिपी बघून इंग्रजी उच्चार करण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

दोन व्यंजनं शेजारी आली तर एक मागे, एक पुढे: मॅर-सी, पार-तीर, रॅस-ते. पण दुसरं व्यंजन ‘र’ किंवा ‘ल’ असेल आणि त्याच्या आधी प, ब, त, द, क, ग, फ, व यांपैकी काही असेल, तर ती जोडी फुटत नाही, अख्खी पुढे जाते. ता-ब्लो म्हणजे फळा किंवा चित्र. ए-क्राँ म्हणजे पडदा. पा-त्रोँ म्हणजे मालक. आ-प्रॅ म्हणजे नंतर.

इथे मराठी मुलांची एक खास अडचण आहे. कुठल्याही फ्रेंच पुस्तकात ती सापडणार नाही, कारण ती पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. आपण ‘मित्र’ लिहितो आणि म्हणतो ‘मित्-त्र’. ‘पुत्र’चं ‘पुत्-त्र’ होतं. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर येतो, ते अक्षर वृत्तातही गुरू धरतात. ही सवय इतकी मुरलेली असते की मूल ‘पात्-त्रोँ’ म्हणतं, ‘आप्-प्रॅ’ म्हणतं, ‘ताब्-ब्लो’ म्हणतं, आणि आपण काही वेगळं बोललो हे त्याला कळतही नाही. फ्रेंच कानाला मात्र त्या पहिल्या अक्षरावरचा धक्का लगेच खटकतो. उपाय सोपा आहे. पहिलं अक्षर एकटं म्हणायला लाव, तोंड उघडं ठेवून थांबायला लाव, मग दुसरं. ‘पा’. थांब. ‘त्रोँ’. थांबलेल्या वेळात जीभ दातांकडे गेली की समजावं, ‘त’ अजून मागे चिकटलेला आहे. हळूहळू थांबणं कमी करत आणायचं.

दुहेरी व्यंजनांचंही असंच. ‘बालोँ’मध्ये, म्हणजे चेंडूमध्ये, दोन एल लिहितात, ‘आपोर्ते’मध्ये, म्हणजे आणण्यामध्ये, दोन पी. कागदावर ओळ संपली तर शब्द त्या दोघांच्या मधून तोडतात. तोंडात मात्र एकच: बा-लोँ, आ-पोर-ते. मराठीत ‘कला’ आणि ‘कल्ला’ हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपला कान दुहेरी वर्ण दिसला की तो ठासून म्हणायला धावतो. फ्रेंचमध्ये ठासायचं ते अगदी थोड्या ठिकाणी. ‘कूरीर’, म्हणजे धावणे, या क्रियापदाच्या भविष्यकाळात दोन आर ऐकू येतात, ते तू पुढच्या इयत्तेसाठी ठेव. सीएच, पीएच, टीएच, जीएन या जोड्या दिसायला दोन वर्ण, आवाज एक, त्यामुळे त्या कधीच फोडायच्या नाहीत. हे मुलं पटकन धरतात, त्यावर वेळ घालवू नकोस.

वेळ घालव तो मुक्या ‘ई’वर.

शब्दात खूण नसलेला ‘ई’ वर्ण लिखित अक्षराच्या शेवटी आला की तो मुका असतो, किंवा ओझरता ‘अ’ असतो. ‘शनिवार’ कागदावर तीन अक्षरांचा, सा-म-दी. तोंडात दोनच, साम-दी. मुलांना हे विचित्र वाटेल असं तुला वाटत असेल, तर त्यांना फळ्यावर ‘करतो’ लिहून दाखव. कागदावर क-र-तो, तोंडात कर-तो. ‘सरकलं’, ‘पळवला’, ‘समजलं’, कितीतरी सापडतील. लिहिलेला ‘अ’ गिळून मागच्या व्यंजनाला आधीच्या अक्षरात ढकलायचं, हे मराठी मूल बोलायला लागल्यापासून करत आलेलं आहे. फ्रेंच ‘ई’ गिळायचा तो तसाच.

मग गिळायचा केव्हा आणि ठेवायचा केव्हा? मोरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नियम मांडला, तो अजून कामाचा आहे: ‘ई’ गिळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर गिळू नये. ‘साम-दी’त म आणि द दोघंच भेटतात, चालतं. ‘शुक्रवार’ मात्र वाँ-द्र-दी. तिथला ‘ई’ काढला तर द, र, द यांची कोंडी होईल, म्हणून तो राहतो. बुधवारही तसाच, मॅर-क्र-दी. हा नियम काही दगडावरची रेघ नाही, भराभर बोलताना लोक तो मोडतातही, पण आठवीच्या मुलाला हातात धरायला एवढी काठी पुरे.

एक मात्र मुलांना सांगून ठेव. सगळा फ्रान्स हा ‘ई’ गिळत नाही. मार्सेय, तुलूझ अशा दक्षिणेकडच्या शहरांत जुन्या वळणाने बोलणारी माणसं तो स्पष्ट म्हणतात. पॅरिसमध्ये गुलाब एका अक्षरात संपतो, ‘रोऽज’, तिकडे त्याचा ‘रो-ज’ होतो. आणि जुन्या कवितेत तो मोजावा लागतो. फ्रेंच अभिजात कवितेची ओळ बारा अक्षरांची, मध्ये सहावर यती. मुक्या ‘ई’नंतर त्याच ओळीत व्यंजन आलं तर त्याला अक्षर धरतात, स्वर आला तर धरत नाहीत, आणि ओळीच्या टोकाला असला तरी धरत नाहीत. श्लोक म्हणताना आपणही बोलण्यात गिळलेले ‘अ’ परत उच्चारतोच, नाहीतर वृत्त लंगडतं. तेव्हा मुलांना गाणं ऐकवलंस आणि कोणी म्हणालं, ‘टीचर, इथे तर ई ऐकू येतोय,’ तर त्या मुलाला शाबासकी दे. सुरासाठी तो परत आलेला असतो.

म्हणून मी अक्षरं दोनदा पाडायला लावायची. आधी कागदावर, सगळे ‘ई’ धरून. मग तोंडात, गिळायचे ते गिळून. पहिली फेरी गाळायची नाही, कारण पुढच्या दोन मोठ्या गोष्टी त्या कागदावरच्या फेरीवरच ठरतात.

पहिली, नाकातला स्वर. एन किंवा एम लिखित अक्षराच्या शेवटी उरला तर तो व्यंजन म्हणून मरतो आणि आधीच्या स्वराला नाकात घालून जातो. तोच पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला गेला तर जिवंत राहतो आणि स्वर साधा राहतो. चुलत किंवा मामेभाऊ: कू-जॅँ. एन शेवटी उरला, मेला. बहीण: कागदावर कू-जी-न, एन पुढच्या अक्षरात गेला, वाचला, मग ‘ई’ गिळला, कू-जीन. मुलाचं नाव सी-मोँ, मुलीचं सी-मॉन. मुलांना स्त्रीलिंगी रूपं पाठ करायला लावतात, ‘याचं हे होतं, त्याचं ते होतं’ असं. काही पाठ करायला नको. अक्षर पाडलं की रूप समोर येतं. दुहेरी एन आला तर दोन्ही एकत्र पुढे ढकलायचे, एवढा एक अपवाद. म्हणून ‘चांगला’ हा बोँ आणि ‘चांगली’ ही बॉन.

हा स्वर काढायचा कसा, ते तोंडात दाखवावं लागतं. मराठीत अनुस्वारापुढे व्यंजन आलं की आपण अनुस्वाराचा न् किंवा म् करतो. ‘अंत’ म्हणजे ‘अन्त’, ‘अंबा’ म्हणजे ‘अम्बा’. तीच जीभ ‘बोँझूर’ला ‘बोन्जूर’ करते. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकवून ठेवायला सांग, बोटाने नाही, जाणिवेने. तिथून ते न हलवता ‘बोँ’ म्हणायचं. टोक वर टाळूला गेलं की ‘न’ झाला, पुन्हा. ओठ मिटले की ‘म’ झाला, पुन्हा. वर्गात कोणाची आजी मालवणची किंवा गोव्याची असेल तर त्या मुलाला उभं कर. कोकणीत नाकातले स्वर आजही जिवंत आहेत, ‘हांव’ म्हणताना जीभ कुठेही टेकत नाही. मराठीतही आपण ‘घरांत’, ‘तें’, ‘कां’ असं लिहीत होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार काढून टाकले, कारण शहरी बोलण्यातून ते आधीच गेले होते. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते अजून सापडतात. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती आजी जास्त उपयोगी.

दुसरी गोष्ट, ‘ई’वरच्या खुणा. मुलं याला फार घाबरतात, कुठे उजवीकडून तिरकी, कुठे डावीकडून. त्यांना सांग, आधी अक्षर पाडा. ‘ई’नंतर व्यंजन येऊन अक्षर बंद झालं तर ‘ई’ला खूण लागत नाही, तो आपोआप ‘ॲ’कडे झुकलेला ‘ए’ होतो. मॅर-सीमध्ये आर आहे, अक्षर बंद, खूण नको. ‘वडील’ मात्र कागदावर पॅ-र, अक्षर उघडं पडलं, खूण नाही दिली तर ‘ई’ मुका होईल, म्हणून द्यावी लागते. ‘धडा’, ल-सोँ, तिथे ‘ई’ उघडा आहे आणि खूण नाही, म्हणून तो मुकाच.

आता ‘हाक मारणे’ घे. मूळ रूपात एक एल: आ-प-ले, मधला ‘ई’ उघडा, बिनखुणेचा, म्हणून गिळतात, आप-ले. ‘मी हाक मारतो’ यात अचानक दोन एल कुठून आले, म्हणून मुलं वैतागतात. ते दोन एल अक्षर बंद करायला आले आहेत. झा-पॅल. ‘विकत घेणे’ हेच काम खुणेने करतं: आश-ते, पण झा-शॅत. एकाने वर्ण वाढवला, एकाने टोपी घातली, दोघांनी केलं एकच. ‘पसंत करणे’ प्रे-फे-रे, ‘मी पसंत करतो’ झ प्रे-फॅर, तोंडात अक्षर बंद झालं आणि ‘ए’चा ‘ॲ’ झाला, खूण बदलली. ‘घटना’ हा शब्द कित्येक वर्षं चुकीच्या खुणेने लिहीत, कारण जुन्या छपाईत तसा रूढ झाला होता. लोक ए-वॅन-माँ म्हणत आणि लिहिताना खूण ‘ए’ची देत. १९९० च्या स्पेलिंग सुधारणेने ‘ॲ’ची खूण मान्य केली. आता दोन्ही चालतात, मुलाने कुठलीही लिहिली तरी गुण कापू नकोस.

या खुणा स्वराचा रंग सांगतात, जोर सांगत नाहीत, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही. स्पॅनिश शिकलेली मुलं इथे हमखास फसतात. ते-ले-फॉन, खुणा पहिल्या दोन अक्षरांवर, जोर तिसऱ्यावर.

स्वरांच्या गर्दीचं थोडक्यात सांगते. ‘पक्षी’ या शब्दात रोमन लिपीतले पाचही स्वर आहेत आणि उच्चार दोन अक्षरांचा: वा-जो. डोळ्यांनी मोजायचं नाही. ‘ओआय’ म्हणजे ‘वा’, मागच्या व्यंजनाला जोडून एक अक्षर: म्वा, त्र्वा, र्वा. ‘टीआयओएन’ म्हणजे ‘स्योँ’, एक अक्षर. रेशनकार्डातला रेशन फ्रेंचमध्ये रा-स्योँ, दोनच. ल्योँ शहरही एकाच अक्षराचं, ‘लि-ओन’ नव्हे. मात्र आधीच जोडव्यंजन असेल तर जीभ दमते आणि ‘इ’ सुटा होतो: ऊ-ब्लि-ये, क्लि-याँ. आणि स्वरावर दोन टिंबं दिसली तर ती भिंत समजायची, तिथे अक्षर तुटतंच. ‘पण’ हा ‘मॅ’, आणि त्याच्यासारखाच दिसणारा, दोन टिंबं घातलेला ‘मका’ हा मा-ईस. रस्त्यावरच्या सित्रोएन गाडीच्या नावातही ती टिंबं आहेत, सी-त्रो-एन, मुलांना बघायला सांग.

आता जोर.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्याकडे आपलं लक्षच नसतं. इंग्रजीत प्रत्येक शब्दाला आपला आघात असतो, तो शब्दाबरोबर पाठ करावा लागतो. फ्रेंचमध्ये शब्दाला स्वतःचा आघात नाही. आघात असतो तो एका श्वासात, एका अर्थाने बांधलेल्या शब्दांच्या गटाला, आणि तो गटाच्या शेवटच्या उच्चारलेल्या अक्षरावर पडतो. ‘मी येतो’: झा-रीऽव्ह. जोर ‘री’वर. ‘मी उद्या येतो’: झा-रीव्ह-द-मॅँऽ. आता ‘री’वर काही उरलं नाही, सगळं ‘मॅँ’वर गेलं. ‘मी उद्या सकाळी येतो’: झा-रीव्ह-द-मॅँ-मा-तॅँऽ. ‘मॅँ’ही सपाट झाला. शब्द वाढवत जा आणि आघात पुढे सरकताना मुलांना ऐकू दे. हा एक खेळ नीट खेळलीस तर पाच पानांचं स्पष्टीकरण वाचेल.

हा जोर म्हणजे मोठा आवाज नव्हे. मुलांना ‘जोर दे’ म्हटलं की ती ओरडतात. जोर म्हणजे लांबी. शेवटचं अक्षर आधीच्या अक्षरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेतं, बाकीची सगळी सारख्या मापाची. शेवटी र, ज, झ किंवा व्ह आला तर स्वर आणखी ताणला जातो: झूऽर, रोऽज, रूऽझ, रॅऽव्ह. आणि स्वराची पट्टी बघ. वाक्य अजून पुढे जाणार असेल तर गटाच्या शेवटी आवाज वर जातो, वाक्य संपलं की खाली येतो. ‘माझा भाऊ दोन वर्षांपासून ल्योँमध्ये राहतो’ हे फ्रेंचमध्ये तीन गटांत येतं: मोँ-फ्रॅऽर, वर. आ-बी-ता-ल्योँऽ, वर. द-प्वी-द-जाँऽ, खाली. असं एक वाक्य आठवडाभर रोज म्हणवून घे. दहा वाक्यं एकेकदा वाचण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं.

शेवटीच का, असं एखादं चौकस मूल विचारेल. लॅटिनमध्ये आघात शेवटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरावर असायचा. लॅटिनची फ्रेंच होताना आघाताचं अक्षर टिकलं आणि त्याच्या पुढची झिजली. ‘बोनिटाटेम’मधला ‘टा’ ठळक होता, त्याच्यापुढचं सगळं गळालं आणि उरला बोँ-ते, म्हणजे चांगुलपणा. ‘टाबुला’चा ‘ताब्ल’ झाला, शेवटी फक्त मुका ‘ई’ राहिला. आघात जागचा हलला नाही, त्याच्या पुढचं घर पडलं, म्हणून तो टोकाला आला.

गट एक झाला की शब्दांच्या सीमाही पुसतात, आणि सुरुवातीला सांगितलेला नियम पूर्ण गटाला लागतो: व्यंजन पुढच्या स्वराला. ‘तो तिच्याबरोबर पॅरिसला राहतो’ हे सहा शब्दांचं वाक्य तोंडात असं येतं: ई-ला-बी-ता-वॅ-कॅ-ला-पा-रीऽ. नऊ अक्षरं, एकही बंद नाही. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, काही पत्ता लागत नाही. म्हणून ऐकताना मुलं गोंधळतात. दोष कानाचा नसतो, ती न तुटलेल्या जागी तोडू बघत असतात.

शब्द एकटा असताना मेलेलं व्यंजन पुढे स्वर दिसला की उठून बसतं, हे त्यातलंच. ‘मित्र’ म्हणजे ‘आमी’. ‘मित्रांना’ एकत्र आणलं की ले-जा-मी. ‘माझा मित्र’ मोँ-ना-मी, इथे नाक राहतं आणि न वाढतो. ‘चांगला मित्र’ बॉ-ना-मी, इथे नाक जातं. ‘थोर माणूस’ ग्राँ-तॉम, तिथला डी चक्क ‘त’ होतो. ‘नऊ वाजता’ यात एफचा ‘व्ह’ होतो. पण ‘आणि’ या अर्थाच्या ‘ए’नंतर कधीही जोडायचं नाही. आणि ‘वीर’ या शब्दाच्या आधीही नाही, ले-ए-रो असं सुटंच ठेवायचं; जोडलं तर वीरांची शून्यं होतात.

फ्रान्समधली लहान मुलंही यात चकतात. अस्वलाला ‘नूर्स’ म्हणतात, कारण ‘एक अस्वल’ ऐकताना न पुढच्या शब्दाचाच वाटतो. कधी कधी अख्खी भाषाच चकते: ‘दुसरा दिवस’ या अर्थाचा लाँ-द-मॅँ हा शब्द मुळात ‘ल’शिवाय होता, आधीचं, इंग्रजी ‘द’च्या अर्थाचं उपपद त्याला चिकटलं, आणि आता त्याच्याआधी पुन्हा वेगळं उपपद लावतात. मॉरिशसमध्ये तर या चिकटलेल्या अक्षरांचीच एक भाषा उभी राहिली. तिथल्या मराठी घरांतही आज बोलली जाते ती क्रिओल ऐक: टेबल म्हणजे ‘लाताब’, पक्षी म्हणजे ‘ज्वाजो’, पाणी म्हणजे ‘दिलो’. उपपद, जोडलेला ‘ज’, सगळं शब्दाच्या पोटात गेलं. ज्यांनी फ्रेंच कानाने उचलली, पुस्तकातून नाही, त्यांनी ती अक्षराने उचलली. तुझ्या वर्गातलं मूल ‘ले जामी’ ऐकून ‘जामी’ असा शब्द वहीत लिहील तेव्हा त्याला लाल शाईने फुली मारू नकोस. त्याने ऐकलं बरोबर आहे. फक्त कुठे तोडायचं ते त्याला दाखव.

लांब वाक्य बसवायचं तर ते मागून बसव. ‘री’. मग ‘पा-री’. ‘ला-पा-री’. ‘कॅ-ला-पा-री’. असं एकेक अक्षर पुढे जोडत सुरुवातीपर्यंत ये. पुढून सुरुवात केली की मुलाचा दम आणि लक्ष शेवटी संपतं, आणि फ्रेंचमध्ये नेमकं शेवटालाच वजन असतं. मागून आलं की शेवट सगळ्यात जास्त वेळा घोटला जातो आणि प्रत्येक वेळी आघात बरोबर पडतो. आमच्या बाई आम्हाला असंच शिकवायच्या, एका हाताची बोटं बाकावर टेकवून: प्रत्येक अक्षराला एक टिचकी, सारख्या वेगाने, आणि शेवटच्या अक्षराला बोट उचलायचं नाही, बाकावर पुढे सरकवायचं. तू वर्गाला तसंच बसव. टिचक्या सारख्या आल्या की इंग्रजी लय जाते, बोट सरकलं की लांबी येते.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचं आता संगणक बघतो, पण हाताने निबंध लिहिताना मुलं विचारतीलच. अक्षराच्या जागी तोडावं, दुहेरी व्यंजन मधून तोडावं, एकच वर्ण ओळीच्या टोकाला सोडू नये, दोन स्वरांच्या मध्ये तोडू नये, अपॉस्ट्रॉफीपाशी कधीच तोडू नये, आणि दोन स्वरांमधल्या एक्सच्या आगेमागे हात लावू नये. मुक्या ‘ई’चं अक्षर एकटंच खालच्या ओळीत ढकलू नये. एवढं एका तासात होतं.

आणि एक, मुलं फ्रेंच सिनेमे बघायला लागली की तुला येऊन सांगतील की जोर पहिल्या अक्षरावरही ऐकू येतो. तेही खरं आहे. भावनेच्या भरात फ्रेंच माणूस शब्दाच्या पहिल्या व्यंजनावर ठोसा मारतो: ‘फॉऽर-मी-दाब्ल!’ स्वराने सुरू होणाऱ्या शब्दात तो बहुधा दुसऱ्या अक्षरावर येतो, ‘अँ-पोऽ-सीब्ल!’ राग, आनंद, हट्ट, भाषणातला आवेश, टीव्हीवरचा निवेदक, सगळीकडे हा सापडेल. पण तो वरून घातलेला असतो; शेवटचं अक्षर त्यामुळे आखूड होत नाही. शेवट पक्का झाल्याशिवाय मुलांना याला हात लावू देऊ नकोस, नाहीतर इंग्रजीचा पहिल्या अक्षरावरचा जोर मागच्या दाराने परत येतो. नववीच्या दुसऱ्या सत्रात शिकव, नाटुकलं बसवताना.